चांगुणेचं शेवटचं प्रकरण

मावशी, तुझ्या कार्यक्रमाचं कार्ड मीच टाइप केलं. दुसरं कोण करणार होतं? जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, रविवारी सकाळी दहा वाजता, आपल्या गल्लीतल्या विहारात. घाईत कुणाच्या तरी जुन्या कार्डाची फाइल उघडली, नाव खोडून तुझं टाकलं, आणि त्याआधीचं 'कै.' तसंच राहिलं. प्रिंट हातात आल्यावर दिसलं. तुला वाचून दाखवलं असतं तर माझ्या टायपिंगच्या दुकानाच्या पायरीवरूनच ओरडली असतीस, "वैशू, आपल्यात कालकथित लिवतात गं, डोळं कुठं ठेवलंस?" फाडलं ते कार्ड. दुसरं काढलं. कालकथित सुमनबाई. गिऱ्हाईक आलं तेव्हा उठले.

तू जाऊन आज दहा दिवस झाले. तुझा दीपक परवा दुकानात आला होता. राहनाळच्या गोदामातली ड्युटी संपवून तसाच, गळ्यात ओळखपत्र लटकत. म्हणाला, "वैशालीताई, आईची कादंबरी छापू या. रविवारी येतील त्यांना वाटू. हारफुलं काय, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. पन्नास प्रती बास. पूर्ण फाइल आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "मग झालं. सुरुवातीला दोन पानं तू लिही आईवर. तुझ्याशीच तर सगळं बोलायची ती." मी त्यालाही हो म्हटलं. मावशी, फाइल पूर्ण नाही. शेवटचं प्रकरण त्यात आहे, पण ते तुझं नाही. हे मला एकटीलाच माहीत आहे असं मी काल संध्याकाळपर्यंत धरून चालले होते.

तीन वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलीस ती हयातीच्या दाखल्यासाठी. पेन्शन चालू राहायला जिवंत असल्याचा कागद द्यावा लागतो, तो. "बग की, जल्मभर सरकारी दवाखान्यात बायांची बाळतपणं केली," म्हणालीस, "आन् आता मी जित्ती हाय ह्ये मलाच लिहून द्यायला लागतंय." मी हसले, फॉर्म भरून दिला. तू गेलीच नाहीस. स्टुलावर बसलीस, पिशवीतून शाळेची वही काढलीस. पहिल्या दोन पानांवर अक्षर होतं, पुढे नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. हात तेव्हाच थरथरत होता तुझा, आणि साखरेने नजर गेलेली. "ह्यात एक गोष्ट हाय. मी सांगते, तू टाइप कर." मी म्हटलं, "मावशी, इथे अर्ज, ॲफिडेव्हिट आणि लग्नपत्रिका टाइप होतात. गोष्टी नाही." तू म्हणालीस, "मंग शिक." झालं! एवढ्यावर ठरलं.

शुक्रवार का ठरला, ते नारपोलीत राहणाऱ्याला सांगायला नको. बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिते. माझ्या दुकानाच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. आठवडाभर टेबलावरचा कप थरथरत असतो, गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागतं. शुक्रवारी कारखाने बंद असतात. तेवढ्या एका दिवशी माणसाचं माणसाला ऐकू येतं. तू दुपारी जेवून यायचीस, डोळे मिटून सांगायला लागायचीस, आणि मी टाइप करायची. एक पान झालं की म्हणायचीस, "वाच." मी वाचून दाखवायची. आपलं काम असं चालायचं, आणि त्या 'वाच'ला तू कधी सुट्टी दिली नाहीस.

गोष्ट तुझ्या आजीने तुला सांगितलेली. पडघ्याच्या आत, डोंगराकडच्या एका गावातली. प्लेगचं साल, त्यात पावसाने दगा दिलेला. महारवाड्यातली चांगुणा माळावरचं गवत कापणारी. धाकू त्याच गवताच्या गाठी बैलगाडीत भरून काल्हेरच्या बंदरावर नेणारा. तिथून मचव्यात, शिडाच्या होडीत, घालून ते गवत मुंबईला जायचं, तिथल्या घोड्यांसाठी. गावात माणसाला खायला नाही आणि मुंबईच्या घोड्यांना मात्र इथलं गवत, हे तू पहिल्याच पानावर घातलंस. चांगुणा आपल्या भाऱ्यात रानतेरड्याचं फूल खोचायची, म्हणजे शंभर भाऱ्यांत धाकूला तिचा भारा कळायचा. मी म्हटलं, "काय फिल्मी आहेस गं मावशी!" तू भडकलीस. "फिल्मी काय त्यात? माझ्या आजीनं सांगितलंय. लायब्रीत जाऊन बग, राजाराणीच्या पिरमाची बुकं गाडीभर हायेत. मी सगळी वाचली, डोळं होते तवा. त्यांच्या पिरमाला महाल लागतो. आपल्या मान्साला उपाशीपोटी पिरेम होत न्हाय व्हय?" मी तेरड्याचं फूल टाइप केलं.

किती भांडलो आपण! कडूकंदाच्या प्रकरणाला तर तीन शुक्रवार गेले. घरात दाणा नाही म्हणून चांगुणा रानातून कडूकंद खणून आणते. ते चिरायचे, राख टाकून उकडायचे, पाणी ओतून पुन्हा उकडायचे, फडक्यात बांधून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, नाहीतर घसा जळतो. हे सगळं तू असं सांगत बसलीस की मी की-बोर्डावरचे हात उचलले. "मावशी, प्रेमकथा आहे की पाककृती? कोण वाचणार हे?" तू म्हणालीस, "ज्याला भूक ठाव हाय त्यो वाचंल. आन् एक उकळी गाळलीस तं त्ये पोर मरंल, ध्येनात ठेव." म्हणजे गोष्टीतलं पोर, चांगुणेचा धाकटा भाऊ. तू खरंच घाबरली होतीस, मी पान गाळलं तर तो मरेल म्हणून. मी तिसरी उकळीही टाइप केली.

मग तो नवस. धाकू मुंबईला गेला आणि तिकडे प्लेग आहे अशी बातमी आली, तेव्हा चांगुणा गावदेवीला नवस बोलते. तोही लांबून, वेशीबाहेर उभी राहून, कारण देवळापाशी कोण जाऊ देणार. मी उखडले. "आपली बाई आणि देवीला नवस? विहारात वाचलं तर काय म्हणतील लोक? तूच तर मला बावीस प्रतिज्ञा पाठ करायला लावल्या होत्यास." तू डोळे उघडलेस. फार शांतपणे म्हणालीस, "तवा धम्म कुठं आलता गं आपल्या उंबऱ्यात? तिच्यापाशी काय होतं? रडायला एक दगूड होता, त्यो पन लांबून. मी तिच्यापासनं त्यो बी काढून घेऊ?" पण पुढच्याच वाक्यात तू चांगुणेला घरी आणून भांडी घासायला बसवलंस. देवीने काही केलं असं कुठेच लिहू दिलं नाहीस. तेव्हा ते मला दिसलं नव्हतं. काल पुन्हा वाचताना दिसलं.

खरं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते आपण कधी नीट केलंच नाही. धाकू परत येतो की नाही.

माझा नवरा प्रकाश तुला माहीत होता. इथले लूम एकेक करून बंद पडायला लागले तेव्हा तो सुरतेला गेला. आधी दर आठवड्याला फोन, मग महिन्याने, मग नंबरच लागेना. सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी एकच ऐकतेय, "येईल गं." भाजीवाली म्हणते येईल, सासू म्हणते येईल, मागे चहावाला भय्यासुद्धा म्हणाला, "आ जाएगा भाभी, टेन्शन मत लो." त्या शब्दाची मला शिसारी आली होती. आणि तू दर शुक्रवारी येऊन मला एका वाट बघणाऱ्या बाईची गोष्ट सांगत होतीस. चांगुणा उठते, कंद उकडते, गवत कापते, संध्याकाळी बंदराकडून येणाऱ्या गाड्या बघते, झोपते. पुन्हा उठते. मला वाटायचं, ही माझ्यासाठी चाललीय सगळी. म्हातारी मला डोस पाजतेय.

एकदा बोललेही. "मावशी, तू त्याला परत आणणार ना? माहितीये मला. माझी समजूत काढायला लिहितेस तू हे." तू पदराने चष्मा पुसत राहिलीस, ज्याचा तुला काही उपयोग नव्हता तो चष्मा. मी आणखी चढले. "कोण परत येतं गं? गेलेला माणूस परत आलाय कधी? खोटं लिहू नकोस, सांगून ठेवते." तू म्हणालीस, "तुला घाई लई, वैशू. आधी ऐकून तं घे." मी म्हटलं, "ऐकलंय खूप." तेवढ्यात एक जण आधारच्या झेरॉक्ससाठी आला आणि विषय तिथेच राहिला.

मग दोन महिन्यांपूर्वीचा तो शुक्रवार. आता ते सांगायचं आलं. सांगते.

आदल्या दिवशी सुरतेहून आलेला एक ओळखीचा माणूस मला बाजारात भेटला. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग खाली बघत म्हणाला, "वहिनी, प्रकाशचं तिकडे घर आहे. मुलगी आहे, बालवाडीत जाते." मी म्हटलं, "बरं." भाजी घेतली, घरी आले, सासूला जेवायला वाढलं. कुणाला काही सांगितलं नाही. तुलाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. इतकी खूश, की पायाला पट्टी बांधलीय तेही मला आधी दिसलं नाही. म्हणालीस, "आज संपवायचं. सगळं जुळलं बग डोक्यात. आज मला मधी थांबवू नकोस."

तू डोळे मिटलेस आणि सांगायला लागलीस. मी टाइप करायला लागले. पहिल्या दोन ओळी तुझ्या होत्या: सकाळ झाली, चांगुणा बंदरावर गेली. तिसरी ओळ माझी होती. मचवा खाडीच्या तोंडाशी बुडाला, असं मी लिहिलं. का लिहिलं, कसं लिहिलं, मला सांगता येत नाही. बोटं चालतच राहिली. तू तुझं बोलत होतीस आणि मी माझं टाइप करत होते. धाकू मेला. त्याचं मढंसुद्धा मी मिळू दिलं नाही. चांगुणेला बंदरावर उभं केलं, तिच्या शेजारून लोकांना जाऊ दिलं, कुणालाही तिच्याशी बोलू दिलं नाही, आणि 'समाप्त' लिहिलं. चार पानं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून काहीतरी लिहिलं, आणि ते तुझ्या नावाखाली.

तू तासभर बोललीस, मावशी. तासभर! मधे एकदा हसलीस, ते आठवतंय. मधे तुझा आवाज भरून आला, ते आठवतंय. 'मीठ' हा शब्द दोनदा ऐकला. मचव्याच्या दोराचं काहीतरी होतं. आणि एक वाक्य, "तिनं त्याला नाव इचारलं न्हाय," पण कुणाला, कोणाचं नाव, काही माहीत नाही. बाकी सगळं गेलं. माझ्या कानांवरून गेलं.

संपल्यावर तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "वाच."

मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी वाचते. गिऱ्हाइकं खोळंबलीत." दुकानात कुणी नव्हतं. तुला दिसत नाही याचा मी फायदा घेतला. तू थोडी हिरमुसलीस. म्हणालीस, "बरं, मंग छापून दे सगळं. माझ्या पायाचं काय तं बगायला दवाखान्यात ठेवनार हायेत चार दिस. स्नेहल वाचंल मला तिकडं." मी नाही कसं म्हणणार होते? प्रिंट काढले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोऱ्याने बांधून दिले. मनात म्हटलं, दीडशे पानं आहेत, शेवट यायला वेळ आहे. तोवर चार दिवस होतील, तू घरी येशील, मी सांगेन, तू चार शिव्या देशील आणि पुन्हा सांगशील. पुन्हा सांगायला तू होतीसच ना. मी एवढंच धरून चालले होते.

चार दिवसांचे आठ झाले, मग महिना झाला. पायाची बोटं काढली, मग घोट्यापर्यंतचा पाय. मी दर शुक्रवारी दुकान बंद करून दवाखान्यात येत होते. तुझी नात, अकरावीतली स्नेहल, कॉलेजहून थेट तुझ्या खाटेपाशी यायची आणि वाचायची. बाजूच्या खाटांवरच्या बायाही ऐकायच्या. कडूकंदाच्या प्रकरणाला एक म्हातारी उठून बसली होती म्हणे, "अगदी असंच, अगदी असंच" म्हणत. तू मला ते किती वेळा सांगितलंस! "बग, तू म्हनत हुतीस कोन वाचनार." मी हसायची आणि मान वळवून स्नेहलला विचारायची, "कुठपर्यंत आलं?" ती म्हणायची, "नवसापर्यंत." पुढच्या खेपेला, "गावात प्लेग येतो तिथपर्यंत." मी तिला बाहेर नेऊन म्हटलं, "हळू वाच गं. आजीला झेपत नाही." मला आत्या म्हणणाऱ्या त्या पोरीला वाटलं, आत्याला किती काळजी.

सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. एकदा तू ग्लानीत होतीस. एकदा चांगली जागी होतीस, माझा हात हातात धरून बसली होतीस, आणि मी काय म्हटलं? "मावशी, साखर कितीये आज?" ही माझी हिंमत. जगाशी भांडायला मी पुढे, आणि इथे साखर विचारून उठले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी आलेच नाही. स्नेहल म्हणाली होती की शेवटचंच प्रकरण राहिलंय. मी सकाळपासून दुकानात बसून राहिले, कारण नसताना जुन्या फाइली आवरल्या. दीपकला फोन केला, म्हटलं, "डोकं दुखतंय, पुढच्या आठवड्यात येते." मंगळवारी तू गेलीस.

परवा दीपक येऊन गेला आणि काल संध्याकाळी स्नेहल आली. हातात तेच प्रिंटांचं बाड, दोऱ्याने बांधलेलं. म्हणाली, "आत्या, आजीने काही दुरुस्त्या सांगितल्यात. मी पेन्सिलीने लिहून ठेवल्यात. छापायच्या आधी टाक." मी पानं उलटायला लागले. 'राख कमी आहे, मूठभर म्हण.' 'धाकू दाराशी असा उभा राहणार नाही, तेव्हा आपली माणसं दाराशी उभी राहत नव्हती.' अशा बारीक बारीक दुरुस्त्या, पान अन् पान. शेवटचं प्रकरण आलं. तिथे एकही खूण नव्हती. मी विचारलं, "हे वाचलं का आजीला?"

"वाचलं ना. शुक्रवारी. दोनदा वाचायला लावलं."

"मग?"

स्नेहल सांगायला लागली. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं पाणी मागितलं. मग म्हणाली, पुन्यांदा वाच. मी वाचलं. तर म्हणाली, 'ह्ये माझं न्हाय. वैशूचं हाय.' मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाली, 'तिला कायतरी झालंय. पोरीनं मला सांगितलं न्हाय.' मग रडली थोडी. मी म्हटलं, आत्याला फोन लावू का? तर नको म्हणाली. 'आज शुक्कीरवार हाय, येईल ती आपनच.' संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होती. दिसत नव्हतं तिला, तरी."

स्नेहल म्हणाली, "आणि एक निरोप दिलाय तुझ्यासाठी. मला तेव्हा काही कळलं नाही, म्हणून मागच्या पानावर लिहून ठेवलाय." तिने बाड उलटं केलं. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'वैशूला म्हनावं, बुडाला तं बुडाला. मंग दुसऱ्या दिशी चांगुणानं काय केलं, त्ये लिव.'

मावशी, तू चिडायला हवं होतंस गं. तुझी तीन वर्षांची गोष्ट मी बुडवली आणि तुला माझी काळजी पडली. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी आज कुठेतरी उभी राहू शकले असते.

काल संध्याकाळीच मी दीपककडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवला. म्हणाला, "म्हणजे आईचा शेवट कुठेच नाही?" मी म्हटलं, "नाही." "तुला तरी आठवत असेल ना? तुझ्यासमोर बोलली ती. तो येतो ना शेवटी?" मी म्हटलं, "दीपक, मला माहीत नाही." तो म्हणाला, "तासभर माझी आई तुझ्यासमोर बोलत होती, आणि तो आला की नाही हेसुद्धा तू ऐकलं नाहीस?" उठून आत गेला. खरंच आहे त्याचं. सहा वर्षांच्या रागाने मी ठरवूनच टाकलं होतं की तू धाकूला परत आणणार. कदाचित तू त्याला आणलाच नसशील. नवसाच्या वेळी देवीला काही करू दिलं नाहीस तू, मग मचव्याला तरी काही करू दिलं असशील का? 'मीठ' कुठून आलं? कुणाला तिने नाव विचारलं नाही? तू हसलीस ती कशावर? मी काल झोपेपर्यंत तेच उलटसुलट लावत बसले. लागत नाही. तुझी आजी गेली, तू गेलीस, आणि ते ऐकणारी जगात मी एकटी होते.

आज सकाळी दीपकचा मेसेज आला: 'छाप. जसं आहे तसं. फक्त खोटं नको.' म्हणून ही दोन पानं मी सुरुवातीला लावलेली नाहीत. शेवटी लावली आहेत. माझी ती चार पानं फाडली, त्या जागी ही आहेत. ज्यांनी इथपर्यंत वाचलंय आणि चांगुणेचं काय झालं म्हणून पान उलटलंय, त्यांना तिच्याऐवजी मी भेटतेय. माफ करा म्हणायलाही तोंड नाही. तिचा शेवट सुमनबाईंनी सांगितला होता, पूर्ण सांगितला होता. तो टाइप करणाऱ्या बाईने ऐकला नाही.

मावशी, तुझा निरोप मी पाळायला बसले होते, खरंच. दुपारी स्नेहल प्रुफं वाचायला आली तेव्हा स्क्रीन कोरीच होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं, दुसऱ्या दिवशी चांगुणेने काय केलं असेल?" तिने मानही वर केली नाही. डोळे पुसत पुसत वाचत होती. चिडूनच म्हणाली, "काय करणार? उठली असेल. घरात पाणी नको का भरायला?"

तेवढं टाइप केलं. दुसऱ्या दिवशी चांगुणा उठली आणि पाणी भरायला गेली. पुढचं मला येत नाही, मावशी. मी ऐकायला हवं होतं.